आयरिश रेल्वेचे जुने डबे आणि वाघिणी: प्रतिकृती करताना सुरुवात कुठून करावी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणातली ब्रिटिश पद्धतीची मॉडेल रेल्वे आपल्याकडे आहे, आणि आता १९५० च्या दशकातली आयर्लंडमधली एक प्रवासी गाडी व एक मालगाडी करण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी बाजारात मिळणारे ब्रिटिश डबे नुसते रंग बदलून चालतील का, गेज (दोन रुळांमधले अंतर) कोणते घ्यावे आणि मोजमापे कुठून मिळवावीत, हे आपल्याला हवे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ब्रिटिश डबा हिरवा रंगवून त्यावर आयरिश अक्षरे लावली तरी तो ब्रिटिशच दिसतो, आणि त्याचे कारण रंगाच्या खाली, सांगाड्यात आहे. म्हणून आधी सांगाड्याविषयी लिहितो.

आयर्लंडचे प्रमाण गेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १,६०० मिलिमीटर. सुरुवातीला तिथे एकवाक्यता नव्हती. १८३४ मध्ये सुरू झालेल्या डब्लिन अँड किंग्जटाउन रेल्वेने ४ फूट ८½ इंच ठेवले, अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच आणि डब्लिन अँड ड्रॉहेडा रेल्वेने ५ फूट २ इंच. हा गोंधळ सोडवण्याचे काम सरकारच्या वतीने मेजर जनरल पासली यांच्याकडे आले. त्यांनी जाणकारांची मते मागवली आणि त्यांतला मधला आकडा धरला. १८४६ च्या कायद्याने तोच पक्का झाला. त्यानंतर सातच वर्षांनी मुंबई-ठाणे गाडी धावली ती ५ फूट ६ इंचांच्या रुळांवर, त्यामुळे रुंद गेजच्या गाडीचा भरदारपणा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या प्रमाणात ५ फूट ३ इंच म्हणजे नेमके २१ मिलिमीटर. बाजारातला तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे खऱ्या मापात ४ फूट १½ इंच. ब्रिटिश गाडीलाही तो अरुंदच पडतो, पण आयरिश गाडीसाठी हा फरक १३½ इंचांचा होतो. समोरून पाहिले की चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात. भारतीय ब्रॉडगेजच्या प्रतिकृती १:८७ प्रमाणात करणारे हौशी लोक याच अडचणीतून जातात. तिथे रूळ सुमारे १९.३ मिलिमीटरचा हवा असतो आणि हाती येतो तोच १६.५ चा.

मग २१ मिलिमीटरचा आग्रह धरावा का? आपण स्वतः रूळ बांधायला तयार असाल आणि मांडणी छोटी असेल, तर धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून येणाऱ्या गाडीचे रूप त्याने पार बदलून जाते. परंतु सांधे आणि वळणे बहुतांशी हातानेच बांधावी लागतात, तयार इंजिनांची चाकेही बदलावी लागतात, आणि हे काम नवख्याला दमवते. त्यामुळे बहुतेकांना मी मधला मार्ग सुचवतो. वाघिणी (मालडबे) आणि प्रवासी डबे १६.५ वर चालवावेत, पण त्यांचा खालचा सांगाडा पहिल्या दिवसापासून २१ साठीच बांधावा. ब्रिटिश वाघिणीच्या प्रतिकृतीतला टोकदार आस, म्हणजे दोन चाके जोडणारा दांडा, २६ मिलिमीटर लांबीचा असतो. आयरिश वाघिणीसाठी तो २८ मिलिमीटरचा घ्यावा, त्या मापाने आसपेट्या (आसाची टोके ज्यांत फिरतात त्या) बाहेर सरकवाव्यात, आणि त्याच आसावर चाके मात्र आत, १६.५ च्या अंतरावर बसवावीत. पुढे कधी २१ वर जायचे ठरले, तर चाके बाहेर सरकवली की काम झाले, वाघीण मोडावी लागत नाही. शिवाय बाजूने पाहताना आसपेट्या, स्प्रिंगा आणि सांगाड्याच्या लांब तुळया आजच योग्य जागी दिसतात. आयरिश शरीर, म्हणजे डब्याचा वरचा भाग, ब्रिटिश सांगाड्यावर ठेवण्याची चूक सर्रास होते. तिथे शरीर दोन्ही बाजूंनी तुळयांच्या बाहेर लोंबते आणि नजरेला ते लगेच खटकते, मग कारण सांगता आले नाही तरी.

शरीराची रुंदी हाही वेगळा विषय आहे. आयरिश मार्गांवर गाडीच्या दोन्ही बाजूंना ब्रिटनपेक्षा मोकळी जागा असल्याने डबे रुंद करता आले. याचे ठळक उदाहरण म्हणजे पार्क रॉयल डबे. त्यांचे भाग लंडनच्या पार्क रॉयल कारखान्याने पुरवले आणि १९५५-५६ च्या सुमारास डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात ते जोडले गेले. एकूण ५० डबे झाले आणि त्यांची रुंदी १० फुटांहून जास्त होती. ब्रिटिश डब्याची बाजू कितीही कापली-जोडली तरी हे माप तिच्यातून निघत नाही.

आता काळ आणि ठिकाण. हे आधी ठरवल्याशिवाय एकही किट विकत घेऊ नये, इतके मी याला महत्त्व देतो. आयरिश रेल्वेचे जाळे भरात असताना साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास होते, पण वाहतूक विरळ आणि पैसा कमी. त्यामुळे तिथे काहीही लवकर मोडीत निघत नसे. १९२५ मध्ये नव्या आयरिश राज्यातल्या कंपन्या एकत्र होऊन ग्रेट सदर्न रेल्वेज झाली, १९४५ मध्ये तिची जागा सी.आय.ई. या वाहतूक कंपनीने घेतली, आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची वाटणी १९५८ मध्ये झाली. मालक बदलत गेले, पण डबे तेच राहिले. राणी व्हिक्टोरियाच्या काळात बांधलेले सहा चाकी लाकडी डबे १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत डिझेल इंजिनामागे धावत होते. सगळे डबे एका वयाचे, एका उंचीचे आणि एका रंगाचे असलेली आयरिश गाडी करणे म्हणजे या रेल्वेचा स्वभावच पुसून टाकणे होय.

आपण १९५० चे दशक म्हटले आहे, म्हणून मी मलिंगार सुचवतो. पूर्वीच्या मिडलँड ग्रेट वेस्टर्न कंपनीचे हे जंक्शन, जिथून त्या काळी एक वाट गॉलवेकडे आणि दुसरी स्लायगोकडे फुटत असे. साल १९५८ धरा. पुढे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचे ए वर्गाचे डिझेल इंजिन. १९५५-५६ मध्ये आलेल्या या ६० इंजिनांत डबे उबदार ठेवणारा बाष्पक नव्हता, म्हणून हिवाळ्यात गाडीला बाष्पकाची वेगळी चार चाकी व्हॅन जोडावी लागे. रेल्वेप्रेमी तिला टिन व्हॅन म्हणतात. तिच्यामागे एक रुंद पार्क रॉयल, मग १९३० च्या दशकातला सपाट पोलादी बाजूंचा डबा, जो ग्रेट सदर्नचे अभियंते ब्रेडिन यांच्या नावाने ओळखला जातो, मग पहिल्या महायुद्धापूर्वीचा लाकडी बोगी डबा (दोन्ही टोकांना फिरत्या चौकटींवर चाके असलेला), आणि शेवटी सामानासाठी ठेवलेला एखादा सहा चाकी. छपरांच्या कडा एका रेषेत येत नाहीत, खिडक्यांची उंची जुळत नाही, रंगांत रुपेरीही आहे आणि हिरवाही. पाच वाहनांची ही गाडी खूप काही सांगते. तिच्यासाठी लांब फलाटाचीही गरज नाही, हा घरगुती मांडणीला मोठाच फायदा.

डब्यांचे क्रमांक या कहाणीला दुजोरा देतात. एकत्रीकरणानंतर मिडलँडच्या जुन्या वाहनांच्या क्रमांकाच्या शेवटी एम, डब्लिन अँड साउथ ईस्टर्नच्या वाहनांना डी, आणि पुढे १९५८ नंतर ग्रेट नॉर्दर्नकडून आलेल्यांना एन हे अक्षर लागले. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नच्या वाहनांना अक्षर लागले नाही. मलिंगारच्या गाडीतल्या सहा चाकी डब्यावर एम नसेल, तर तो तिथे का आला याचे उत्तर आपल्याजवळ असायला हवे.

सहा चाकी डबा करताना लोक मधल्या आसापाशी अडतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. तीनही आस घट्ट बसवले तर डबा वळणावर उतरतोच. मधल्या आसाला आडवे सरकायला किती मोकळीक, म्हणजे सरक, लागेल याचे गणित सोपे आहे: टोकाच्या आसांमधल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे. समजा टोकाचे आस २० फूट अंतरावर, म्हणजे प्रतिकृतीत ८० मिलिमीटरवर आहेत आणि वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर आहे. उत्तर येते १.३३ मिलिमीटर. त्रिज्या ४५० असेल तर सुमारे १.८. इतकी सरक मधल्या आसाला दोन्ही बाजूंना मिळाली पाहिजे, आणि हाताच्या कामात नेहमी राहणारी तफावत धरून आणखी अर्धा मिलिमीटर. वजन टोकाच्या दोन आसांवर घ्यावे. मधला आस वर-खाली आणि आडवा मोकळा ठेवून हलक्या तारेने रुळावर दाबून धरावा, म्हणजे चाक फिरत राहते आणि रूळ सोडत नाही. खऱ्या रेल्वेत क्लेमिन्सन यांनी १८७० च्या दशकात याहून देखणा उपाय काढला होता: मधला आस आडवा सरकला की तो दांड्यांच्या जोडणीने टोकाच्या दोन्ही आसांना वळणानुसार फिरवतो. कोरीव पितळेचे या पद्धतीचे सांगाडे मिळतात. वळणे फार तीव्र असतील तर त्यांचा खर्च करावा, एरवी साधी सरक पुरते.

लाकडी डब्याच्या बाजू पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून चांगल्या होतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा मूळ पत्रा घ्यावा, खिडक्या कापाव्यात आणि मग त्यावर पाव मिलिमीटर जाडीच्या बारीक पट्ट्या चिकटवून लाकडी चौकटींची उठावदार नक्षी उभी करावी. बाजूचा खालचा भाग आत वळतो. तो बाक पट्ट्या लावण्याआधीच द्यावा, नंतर दिला तर पट्ट्या सुटतात. दारातली सरकती काच शेजारच्या स्थिर काचेपेक्षा आत बसते. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक करायला अनेकजण कंटाळतात, पण एका रंगातल्या लाकडी डब्यात सावली पडते ती एवढ्याच खोलीमुळे, आणि ती नसली तर डबा छापील कागदासारखा सपाट दिसतो. शरीर चारी बाजूंनी बंद करताना डब्याच्या तळाला एक भोक ठेवावे. आत कोंडलेल्या द्रावकाच्या वाफेने काही महिन्यांत बाजू आत ओढल्या जातात. पितळी किट घेतले तर बाजूंचा बाक जाड कागदाच्या थरावर गोल दांडा फिरवून द्यावा, आणि डाख देताना मोठ्या जोडांना जास्त तापमानाचा, नाजूक तपशिलांना कमी तापमानाचा असा क्रम ठेवावा, म्हणजे दुसरा जोड देताना पहिला सुटत नाही.

वाघिणींकडे मात्र मी आपले खास लक्ष वेधू इच्छितो, कारण आयर्लंडचे अर्थकारण रुळांवर दिसायचे ते त्यांच्यातच. गुरे, धान्य, खत, गिनेस बिअरचे पिंप, साखरेचे बीट: देश काय पिकवतो आणि काय विकतो हे मालगाडी सांगत असे. त्यांत गुरांच्या वाहतुकीचा वाटा फार मोठा होता. गावोगावी गुरांचे बाजार भरत आणि त्या दिवशी खास गाड्या सुटत. पण गुरे रोज नसत, म्हणून तिकडच्या कंपन्यांनी दुहेरी उपयोगाची वाघीण वापरली. तिच्या छपराची दोन्ही टोके पक्की असतात आणि मधला भाग उघडा. माल भरला की त्या भागावर ताडपत्री ओढायची, गुरे चढवली की ती काढायची. ही एक वाघीण नीट केली की आपली मालगाडी आयरिश झाली असे समजावे, कारण दूरवरूनही छपरातला तो खंड ओळखू येतो.

ती करताना तीन गोष्टी पाहाव्यात. ताडपत्रीसाठी प्लास्टिक नको. पातळ टिश्यू कागद पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून उघड्या भागावर अंथरावा आणि ओला असतानाच बोटाने किंचित मध्ये दाबावा, म्हणजे पाणी साचल्यासारखा झोळ येतो. वाळल्यावर मळकट काळा रंग, त्यात थोडा तपकिरी. दुसरे, काही वाघिणी उघड्याच ठेवाव्यात, आणि मग आतल्या फळ्याही रंगवाव्या लागतात, कारण वरून सगळे दिसते. तिसरे चुन्याचे. गुरांच्या वाघिणी निर्जंतुक करण्यासाठी चुना फासला जाई आणि तो फटींतून बाहेर ओघळे. आपण निवडलेल्या सालाच्या फोटोंत हे ओघळ दिसत असतील, तर पांढरा रंग फार पातळ करून बारीक कुंचल्याने फळ्यांच्या सांध्यातून खाली सोडावा. पांढरा शुभ्र ओघळ खोटा वाटतो, म्हणून त्यात राखाडी आणि चिमूटभर पिवळा मिसळावा.

दुसरी वाघीण बुलीड यांची. इंग्लंडमधल्या सदर्न रेल्वेचे प्रसिद्ध अभियंते ऑलिव्हर बुलीड १९५० च्या दशकात सी.आय.ई. मध्ये होते. त्यांच्या काळात नालीदार पोलादी पत्र्याच्या बाजूंच्या उघड्या वाघिणी आल्या आणि त्यांचा सांगाडा त्रिकोणी जोडणीचा होता. पुढे यांपैकी अनेकींवर एकावर एक दोन शरीरे चढवून बीट वाहणाऱ्या उंच वाघिणी केल्या गेल्या. वेक्सफर्ड परगण्यातल्या वेलिंग्टनब्रिजहून मॅलोच्या साखर कारखान्याकडे त्या २००५-०६ च्या शेवटच्या हंगामापर्यंत धावल्या. ऊस वाहणाऱ्या रस्त्यांची ज्यांना सवय आहे, त्यांना साखरेच्या हंगामाचा हा रेल्वेवरचा थाट नक्की आवडेल, पण १९५८ च्या मलिंगारमध्ये उंच बीट वाघीण उभी करू नये. तिथे साधी, एकेरी नालीदार वाघीणच हवी. पत्र्याच्या नाळ्यांचा पल्ला फोटोवरून मोजून घ्यावा, कारण बाजारातला छपरासाठीचा नालीदार पत्रा बहुधा फार बारीक नाळीचा असतो.

रंगांविषयी थोडक्यात. सी.आय.ई. च्या वाघिणी राखाडी असत, आणि त्यांचा खालचा सांगाडाही त्याच राखाडी रंगात असे. ब्रिटिश सवयीने सांगाडा काळा रंगवला की सगळी मेहनत फुकट जाते. बाजूवर त्या काळातले पंखाच्या आकाराचे बोधचिन्ह हवे, ज्याला लोक उडती गोगलगाय म्हणत. ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गेले आणि त्याच सुमारास डब्यांवर काळा, तांबूस आणि मध्ये पांढरी पट्टी अशी नवी रंगसंगती आली. आपल्या गाडीत ती येता कामा नये. १९५५ पासूनचा रुपेरी रंग हा खरा कसोटीचा भाग. नव्या डब्यावर तो चकचकीत दिसे, पण ब्रेकची धूळ आणि कोळशाचा धूर यांनी तो लवकरच मळका झाला. डबीतला चंदेरी रंग थेट लावू नये. फिक्या राखाडीत थोडा अॅल्युमिनियम रंग मिसळून लावावा आणि खिडक्यांखाली व आसांच्या वर तपकिरी धुळीचा हलका हात फिरवावा.

मोजमापे कुठे मिळतील, या प्रश्नाचे उत्तर सुखद आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीचा संग्रह डब्लिनमध्ये आहे आणि कारखान्यांचे आराखडे शोधायला तीच पहिली जागा. फोटोंसाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला ओ'डी संग्रह पाहावा. जेम्स ओ'डी यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंत देशभर रेल्वेचे फोटो काढले, आणि आपल्याला हवा तो काळ त्यात नेमका येतो. त्याआधीच्या काळासाठी त्याच ग्रंथालयातला लॉरेन्स संग्रह आहे. प्रत्यक्ष डबे पाहायचे असतील तर बेलफास्टजवळ कल्ट्रा इथले वाहतूक संग्रहालय, डाउनपॅट्रिकची संग्रहालय-रेल्वे आणि व्हाइटहेड इथले रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटीचे संग्रहालय या तिन्ही जागा एकाच प्रवासात होतात. मॅलाहाइडलाही जावे. इंचिकोर कारखान्यात काम केलेले सिरिल फ्राय यांनी हाताने घडवलेल्या आयरिश गाड्यांच्या प्रतिकृती तिथे आहेत, आणि खऱ्या आराखड्यांशी रोज संबंध असलेला माणूस कोणता तपशील ठेवतो व कोणता सोडतो हे त्यांतून शिकता येते.

आराखडा मिळालाच नाही तर बाजूने घेतलेला फोटो मोजपट्टी म्हणून वापरावा. आसांमधले अंतर कंपनीच्या नोंदीत बहुधा सापडते. तेवढे एक माप खरे धरून बाकीची मापे त्या प्रमाणात काढता येतात. फोटो तिरका असेल तर फळ्या मोजाव्यात. एका वाघिणीच्या फळ्या साधारण सारख्या रुंदीच्या असतात, त्यामुळे दूरच्या टोकाकडे त्या किती अरुंद दिसतात यावरून तिरपेपणा किती आहे हे कळते. चाकाच्या व्यासावर मात्र विसंबू नये, कारण झिजलेले चाक तासून पुन्हा वापरले जाई आणि त्याचा व्यास कमी होई.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स या दोन आयरिश कंपन्यांची तयार वाहने १६.५ वर उत्तम चालतात, पण त्यांतली बरीच १९६० नंतरच्या काळातली आहेत. उदाहरणार्थ क्रेव्हन डबे १९६३ ते १९६७ या काळात बांधले गेले. तेव्हा विकत घेण्यापूर्वी बांधणीचे साल तपासावे. त्यांच्याकडे नसलेल्या जुन्या वाहनांसाठी रेझिन आणि कोरीव पितळेची किट घ्यावी लागतील. पहिली कृती दुहेरी उपयोगाची वाघीण, मग साधी झाकलेली वाघीण, मग गार्डचा डबा, आणि हे हाताला बसल्यावर सहा चाकी डबा. प्रत्येक वाघिणीत आसामागे सुमारे २५ ग्रॅम या हिशेबाने शिसे भरावे, एक आस किंचित डोलता ठेवावा, आणि रंग देण्याआधी ती सगळ्या सांध्यांवरून उलटसुलट ढकलून पाहावी.